मिठाचे दगड

नकाशावर या जागेला आता क्रमांक आहे.
वनखातं, चौदा, उपविभाग ब.
आमच्यात हिला ग्रालिया म्हणत,
त्या पिवळ्या चोचीच्या डोंगरकावळ्यांवरून,
जे मेंढ्यांच्या पाठीवर बसून घरट्यासाठी लोकर उपटत
आणि मेंढ्या त्यांना बसू देत.

पाइनच्या रांगांतून चढताना मला दिशा कळत नाही.
सगळी झाडं एका वयाची,
शाळेच्या कवायतीला उभी केल्यासारखी.
खाली गवत नाही. तपकिरी सुया,
पाऊल पडलं तरी न बोलणाऱ्या.
वडील सांगत, जूनमध्ये इथं
कानात लोकरीचे बोळे घालून झोपावं लागे
इतक्या घंटा.

नऊशे मेंढ्या, अकरा घरांच्या.
मोजायच्या विसा-विसाने,
दर विशीला काठीवर एक खाच.
बेल्त्रान, माझे वडील,
सोळाव्या वर्षी या मोजणीत पक्के झाले.
बर्फ पडायच्या आत पुरुष कळप घेऊन
एब्रोच्या सपाटीला उतरत,
मागे गाव उरे बायकांचं, डुकरांचं आणि धुराचं.
आई म्हणायची,
मी सात महिन्यांची विधवा, पाच महिन्यांची नवरी,
आणि दोन्हीत कामं तीच.

मग कोट घातलेला माणूस आला.
खाली धरण होणार, वर जंगल,
मध्ये तुम्ही राहून काय करणार?
त्याचा प्रश्न वाईट नव्हता. उत्तर कुणाकडे नव्हतं.
कळप विकले गेले उंचीप्रमाणे नाही, वजनाप्रमाणे.
आणि रोपं लावायला मजूर हवे होते.
तिथं दुसरं होतं कोण?

तर माझ्या वडिलांनी
आपल्याच कुरणात रोजंदारीवर
दोरी धरून, सरळ, दोन वसंत ऋतू
पाइन लावले.
हे त्यांनी कधी लपवलं नाही.
सांगितलंही नाही.

वर, टोकाला,
मिठाच्या दगडांपाशी मात्र एकही झाड नाही.
सपाट दगड, मोजले तर अठरा,
शनिवारी सकाळी त्यांच्यावर मूठ-मूठ मीठ पडे
आणि कळप धावत येई.
जिभांनी दगड झिजलेत, मधोमध खोलगट,
जुना पाटा झिजतो तसे.
खात्याच्या वहीत लिहिलंय:
रोपं जगली नाहीत, जमीन निकृष्ट.
शेजारचा सेवेरो शपथेवर सांगायचा,
बेल्त्रानने तिथली रोपं
मुळं वर, शेंडे खाली करून पुरली.
आई म्हणायची, कसलं काय,
पिढ्यान् पिढ्यांचं मीठ मुरलंय, उगवणार काय त्यात.
वडिलांना विचारलं की ते
टीव्हीचा आवाज वाढवत.

झारागोसाला चौथा मजला,
लिफ्टच्या कारखान्यात रात्रपाळी, एकतीस वर्षं.
शेवटी इस्पितळात
नख पलंगाच्या कठड्यावर ओढत राहायचे,
थोडं थांबून पुन्हा एकदा.
नर्सला वाटलं, दुखतंय.
मी वाकून विचारलं, किती झाल्या?
म्हणाले, गप. चुकेल.

आज मी पिशवीतून मीठ आणलं,
बाजारातलं, आयोडीनवालं, बारीक.
पहिल्या दगडाच्या खळग्यात ओतलं.
कुणी आलं नाही. कशाला येईल.
कावळे दोनदा घिरटी घालून गेले,
बसायला पाठ नव्हती.
शेवटी मीच वाकले आणि, कुणी बघत नाही असं पाहून,
दुसऱ्या, कोरड्या दगडाला जीभ लावली.
दगडाची चव. थोडी कालच्या पावसाची.

उतरताना वाट सापडावी म्हणून
झाडं मोजत आले, विसा-विसाने,
दर विशीला बोट दुमडून.
सातव्या विशीत
खाली कुठंतरी काहीतरी वाजलं,
घंटा असेल, किंवा धरणावरच्या बोटीची साखळी.
मी थांबून ऐकलं.
आणि चुकले.